मालवणला निघालेल्या सोलापूरकरांनो, पोवळ्यावर उभं राहून फोटो काढू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मे महिन्याच्या सुट्टीत कुठं कुठं जाता येईल त्याचं एक अख्खं पान आलं होतं. त्यात तारकर्ली-मालवणच्या मजकुराशेजारी जो मोठा फोटो छापलाय, पाण्याखाली दोघंजण एका गोलसर खडकावर उभे, एकाच्या हातात ब्रेडचा तुकडा, भोवती माशांचा घोळका आणि दोघांचे अंगठे वर, त्या फोटोबद्दल हे पत्र आहे. पत्र जरा लांबणार आहे पण कृपया पूर्ण वाचा, जमलं तर छापा.

मी लग्नाचे फोटो काढतो, अशोक चौकाजवळ माझा छोटा स्टुडिओ आहे, वीस वर्षं झाली या धंद्यात. आणि गेली अकरा वर्षं मी समुद्रात उतरून पाण्याखालचे फोटो काढतो. हे ऐकलं की लोक पहिलं हेच विचारतात की नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावातला माणूस समुद्रात काय करतो. तर माझं पोहणं मोहोळ तालुक्यातल्या आमच्या विहिरीतलं, पाठीला पत्र्याचा डबा बांधून वडिलांनी ढकलून दिलं होतं. उन्हाळ्यात दुपारी बाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर आला की उन्हाचा एक सरळ खांब विहिरीच्या तळापर्यंत जायचा आणि मी डोळे उघडे ठेवून त्या खांबात बुडी मारायचो, आत सगळं हिरवं हिरवं दिसायचं, कडेच्या कपारीत बारके मासे असायचे. कॅमेरा हातात यायच्या आधी उजेड म्हणजे काय ते मला तिथं कळलं, आणि ते वेड अजून गेलेलं नाही.

आमच्या धंद्यात पौष महिना मोकळा असतो, मुहूर्तच नसतात. आणि नेमकं त्याच दिवसांत कोकणातलं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असतं. त्यामुळं माझं दरवर्षीचं गणित ठरलेलं आहे, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांचे फोटो, भोगीला अक्षता सोहळा, संक्रांतीला होम झाला की रात्रीच गाडी काढायची, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत घाट उतरायचा. शोभेचं दारूकाम दरवर्षी चुकतं, आई त्यावरनं अजून बोलते.

आता मूळ मुद्दा. तुम्ही छापलेल्या फोटोतला तो गोल खडक खडक नाहीये. ते पोवळं आहे, म्हणजे प्रवाळ, आणि ते जिवंत आहे.

हे मला कसं कळलं ते सांगतो कारण माझ्याकडनंही हेच झालेलं आहे. अकरा वर्षांपूर्वी घरच्यांना घेऊन मालवणला गेलो होतो, तिथं ते पंधरा-वीस मिनिटांचं स्कूबा असतं ना, तोंडात नळी देतात, पाठीमागनं एकजण धरून खाली नेतो, ते केलं. होडी कुणाची ते सांगण्यात अर्थ नाही, तेव्हा बहुतेक ठिकाणी हेच चालायचं. खाली पंधरा-वीस फुटांवर गेल्यावर त्या पोरानं मला हातानं धरून एका तपकिरी गोल दगडावर उभं केलं, खुणेनं सांगितलं कॅमेऱ्याकडं बघा, मी दोन्ही पाय रोवून उभा राहिलो आणि अंगठा दाखवला. बायकोनं पण तिथंच उभं राहून काढला, आमच्यानंतरच्या चार जणांनी पण. सोलापूरला परत आल्यावर ती क्लिप स्टुडिओतल्या मोठ्या स्क्रीनवर लावली, माझं कामच ते असल्यामुळं झूम करून बघायची सवय आहे, आणि माझ्या पायाच्या बाजूला त्या दगडावर सगळीकडं चांदणीच्या आकाराचे बारीक बारीक खळगे दिसले, एकसारखे, एकाला एक चिकटून. दगडाला असलं नक्षीकाम नसतं. मग वाचायला लागलो. त्यातल्या प्रत्येक खळग्यात एकेक जीव राहतो, काही मिलिमीटरचा, त्याला पॉलिप म्हणतात, मऊ अंगाचा, तोंडाभोवती बारीक हात असलेला. हे हजारो जीव मिळून खालचा चुन्याचा दगड तयार करत जातात. गोल दगडासारखं वाढणारं जे पोराइट्स जातीचं पोवळं असतं ते वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतं. म्हणजे दोन फूट उंचीचा गोळा असला तर त्याचं वय माझ्यापेक्षा जास्त, आणि त्याच्यावर मी बूट घालून उभा होतो. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही हे खरं सांगतो.

पोवळं म्हटलं की आपल्याकडं मंगळाची अंगठी आठवते नाहीतर मंगळसूत्रातला लाल मणी. ते लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्राकडचं, वेगळ्या जातीचं. आपल्या मालवणच्या समुद्रातलं तपकिरी, हिरवट, पिवळसर असतं, दागिन्याच्या कामाचं नाही, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. पण माशांच्या दृष्टीनं तेच गाव आहे. सगळ्या जगात प्रवाळाखालचा भाग समुद्रतळाच्या एक टक्क्यापेक्षा कमी आहे आणि समुद्रातल्या जवळजवळ पाव जाती आयुष्यात कधी ना कधी त्याच्या आसऱ्याला राहतात. आपण मालवणला जाऊन जे सुरमई-पापलेटचं ताट मागवतो त्या समुद्राचं आरोग्य असल्याच जागांवर अवलंबून आहे, हे जेवताना कुणाला आठवत नाही.

आणि ही जागा काही बेवारस नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ ला जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा भाग गाभा क्षेत्र, त्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा आणि पद्मगडाकडचा भाग येतो. महाराष्ट्रातलं ते पहिलं सागरी अभयारण्य. दगडासारखं कठीण पोवळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, वाघ ज्या परिशिष्टात आहे त्याच. ताडोब्यात जाऊन कुणी वाघाच्या पाठीवर पाय ठेवून फोटो काढला तर तुमच्या पेपरात पहिल्या पानावर बातमी येईल, इथं आपण तोच फोटो सहलीची जाहिरात म्हणून छापतो.

ब्रेडचं पण सांगतो. फोटोत जे पिवळसर, काळ्या उभ्या पट्ट्यांचे मासे दिसतात त्यांना इंग्रजीत सार्जंट मेजर म्हणतात. ते मुळात धीट असतात, एकदा ब्रेड-बिस्किटाची सवय लागली की माणूस दिसला रे दिसला की झुंडीनं अंगावर येतात. हे मासे दुसऱ्या माशांची अंडी पण खातात. म्हणजे रोज शे-दोनशे माणसं जिथं ब्रेड टाकणार तिथं ह्यांचीच गर्दी वाढणार आणि लाजरे, कपारीतले मासे तिथनं हटणार, हे कुणालाही समजेल. शिवाय काही माशांचं कामच पोवळ्यावर वाढणारं शेवाळ खरडून खायचं असतं, पोपट मासा तर चोचीसारख्या दातानं पोवळ्याचा चुना खरडून खातो आणि त्याची पांढरी वाळू करून बाहेर टाकतो, उष्ण समुद्रातल्या कितीतरी किनाऱ्यांची वाळू अशी तयार झालेली आहे. अशा माशांना आयतं खायला घालायची सवय लावली तर शेवाळ कोण खाणार.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहितो, मालवणच्या पोरांना दोष देण्यासाठी हे पत्र नाही. त्यांचा सगळा हंगाम ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात होड्या वर काढलेल्या असतात, आणि त्यांच्यावर दबाव कुणाचा असतो तर आपला. मी स्वतः होडीत बसून ऐकलंय, आपल्याच भागातली मंडळी, बोलण्यावरनं लगेच कळतं, "एवढे पैसे घेतले आन् मासे दावले नाहीत, फोटो नीट आला पायजे बरं का." मग तो पोरगा काय करणार, ब्रेड घेऊनच उतरणार. उलट मला पहिल्यांदा अडवलं ते तिथल्याच एका म्हाताऱ्या होडीवाल्यानं. स्कूबाचा कोर्स करून दुसऱ्या वर्षी गेलो तेव्हा मी पाण्यात उतरायच्या आधी तो म्हणाला, "खडपार उभे रवा नकात, जिता आसा ता." म्हणजे खडकावर उभं राहू नका, ते जिवंत आहे. ते वाक्य मी माझ्या कॅमेऱ्याच्या पेटीवर आतल्या बाजूनं लिहून चिकटवलंय.

आता थोडं फोटोग्राफीबद्दल, कारण सोलापुरातली बरीच तरुण पोरं मला विचारतात की गोप्रो घेतला की झालं का. पाण्याखाली पहिला झटका रंगांचा बसतो. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं, पाच मीटरपर्यंत लाल जवळजवळ संपतो, मग नारिंगी, मग पिवळा, खाली उरतो तो निळा-हिरवा. मी एकदा लाल सोलापुरी नॅपकिनची पट्टी मनगटाला बांधून उतरलो होतो, वीस फुटांवर ती सुकलेल्या विड्यासारखी तपकिरी दिसायला लागली. नवरीचा लाल शालू खाली नेला तर तसाच दिसेल. म्हणून खाली आपला उजेड आपण घेऊन जायचा असतो, स्ट्रोब, म्हणजे पाण्यात चालणारा फ्लॅश. तो नीट मारला की ज्या पोवळ्याला तुम्ही मळकट दगड समजत होता त्याच्यावर जांभळा, केशरी, पोपटी असे रंग उठतात की दर वेळी मला गलबलून येतं, एवढं सगळं तिथं होतंच आणि आपल्याला दिसत नव्हतं.

दुसरी गोष्ट गाळाची. लग्नात अक्षता उडत असताना समोरनं फ्लॅश मारला तर पुढचे तांदूळ पांढरे फटक येतात आणि नवरा-नवरी मागं हरवतात, प्रत्येक फोटोग्राफरला हे माहिती आहे. पाण्यात तेच गाळाच्या कणांचं होतं. म्हणून स्ट्रोब कॅमेऱ्याच्या लांब दांड्यांवर, दोन्ही बाजूंना, तिरके लावायचे. पण त्याच्याही आधी गाळ उडवायचा नाही, आणि गाळ उडतो तो पाय आपटल्यामुळं. उडालेला गाळ पोवळ्यावर बसतो, त्याचा श्वास कोंडतो, त्याच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळाला ऊन मिळत नाही. पोवळ्याचं बरंचसं अन्न हेच शेवाळ ऊन घेऊन तयार करतं. म्हणजे चांगला फोटो आणि पोवळ्याचं भलं या दोन्हींसाठी एकच विद्या लागते, पाण्यात ना वर ना खाली असं तरंगत राहायची. श्वास घेतला की थोडं वर, सोडला की थोडं खाली. हे यायला मला दोन वर्षं लागली आणि ते येईपर्यंत माझ्या गुरूंनी मला कॅमेरा पाण्यात नेऊ दिला नाही, तेव्हा राग यायचा, आता कळतं. कारण हातात कॅमेरा आला की माणसाचं सगळं लक्ष स्क्रीनवर जातं आणि गुडघे, पाय, नळ्या कशावर घासतायत त्याचं भान राहत नाही. महागडे कॅमेरे घेऊन आलेल्या लोकांना फोटोसाठी पोवळ्याला धरून लटकलेलं मी बघितलंय.

आणि खरंच सांगतो, मासा आपल्याकडं येईपर्यंत थांबण्यात जी मजा आहे ती ब्रेडमध्ये नाही. दोन वर्षांपूर्वी एका कपारीपुढं मी पस्तीस मिनिटं नुसता तरंगत होतो. आत एक ऑक्टोपस होता, पहिल्यांदा नुसता एक डोळा दिसला, मग दगडाच्या रंगाचं अंग, मग हळूहळू एक हात बाहेर आला आणि माझ्या स्ट्रोबच्या दांडीला लागला, चाचपला, परत गेला. तीन हृदयं आणि निळं रक्त असलेला तो जीव, रक्तात लोहाऐवजी तांबं असतं म्हणून निळं, तो माझ्याकडं बघत होता आणि मी त्याच्याकडं. फोटो दोनच काढले. स्टुडिओत समोरच्या भिंतीवर लावलाय, लग्नाचा अल्बम बघायला आलेली मंडळी आधी त्याच्यापुढं थांबतात.

जगात पाण्याखाली पहिला रंगीत फोटो १९२६ मध्ये फ्लोरिडाच्या दक्षिणेला निघाला, विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन या दोघांनी काढला, एका हॉगफिशचा. उजेडासाठी पाण्यावर तराफा तरंगवून त्यावर मॅग्नेशियमच्या पुडीचा स्फोट करायचे, जीवाला धोका होता. एका माशाचा रंग लोकांना दिसावा म्हणून त्यांनी केवढा खटाटोप केला. आज तोच कॅमेरा खिशात आला आणि आपण माशाकडं पाठ करून स्वतःचा काढतो, याचं मला फार वाईट वाटतं.

गेल्या वर्षी एक जोडपं प्री-वेडिंग ठरवायला आलं, दोघंही चांगल्या घरचे, शिकलेले. त्यांनी मोबाईलवर एक फोटो दाखवला, नवरी पाण्याखाली आणि हातात स्टारफिश, म्हणाले सर सेम असाच पायजे. मी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि सांगितलं की स्टारफिशच्या पायाखाली शेकडो बारीक नळ्या असतात, त्यानं तो खडकाला धरून असतो, ओढून काढला की त्या तुटतात, फोटोसाठी चार हातांतनं फिरलेला स्टारफिश नंतर जगेल याची खात्री नसते. मुलगी लगेच म्हणाली मग नको. शेवटी आम्ही पुण्याच्या एका पोहण्याच्या तलावात शूट केलं, काळा पडदा लावून, तिची पिवळी साडी पाण्यात अशी पसरली की त्यासारखा फोटो माझ्याकडनं परत निघेल का माहिती नाही. सांगायचं कारण एवढंच की लोक वाईट नसतात, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

समुद्रावर दुसरी संकटं काय कमी आहेत. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादं अंश जरी काही आठवडे जास्त राहिलं तरी पोवळं अंगातलं ते शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. १९९८ ला झालं, २०१० ला झालं, २०१४ ते २०१७ असं लांबलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की जगभरातलं चौथं मोठं पांढरं पडणं चालू आहे. पांढरं पडलेलं पोवळं लगेच मरत नाही, पाणी निवलं तर सावरतं, पण आजारी माणसाच्या छातीवर उभं राहिलं तर तो सावरेल का. तापमान आपण सोलापुरातनं उद्याच्या उद्या कमी करू शकत नाही हे मान्य, पण पाय उचलणं तर आपल्याच हातात आहे ना.

तिथल्या मच्छीमारांनी काय केलंय ते पण आपल्याकडं कळायला हवं. संरक्षित कासव किंवा बहिरी म्हणजे तो अजस्र पण निरुपद्रवी व्हेल शार्क जाळ्यात अडकला तर स्वतःचं जाळं कापून त्याला सोडून द्यायचं आणि शासनानं जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई द्यायची अशी योजना महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीपासून आहे. वेळासला गावकरी कासवांची अंडी राखतात, पिल्लं समुद्रात सोडतात. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ती माणसं जाळं कापतात, आणि आपण दोन दिवसांचे पाहुणे, आपल्याच्यानं एक बिस्किटाचा पुडा खिशात ठेवणं होत नाही का. (शंख-शिंपल्यांचं पण तेच, गड्ड्यातल्या स्टॉलवर आणि मालवणच्या जेट्टीवर विकायला असतात म्हणून घ्यायलाच पाहिजेत असं नाही, रिकाम्या शंखात खेकडे राहतात, त्यांचं घर ते. काही शंखांना तर कायद्यानंच संरक्षण आहे.)

संपादक साहेब, माझी मागणी साधी आहे. सहलीच्या पानावर यापुढं पोवळ्यावर उभे राहिलेले, माशांना ब्रेड घालणारे, हातात स्टारफिश धरलेले फोटो छापू नका. आणि मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीच्या आधी, एस.टी.च्या जादा गाड्यांची बातमी देता तिथंच शेजारी, एक छोटी चौकट टाका. होडीत बसायच्या आधीच होडीवाल्याला सांगा की ब्रेड नको आणि आम्हाला खडकावर उभं करू नका, तरंगतच फोटो काढा. पोहता येत नसेल तर वरनंच मास्क लावून बघा, स्नॉर्कलिंगमध्ये पण भरपूर दिसतं. उन्हाचं क्रीम चोपडून पाण्यात उतरण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला. एवढं आलं तरी पुष्कळ.

चौकटीसाठी फोटो लागला तर सोबत तीन पाठवतोय, तिन्ही किल्ल्याच्या आसपासचे, पैसे नकोत, नाव नाही टाकलं तरी चालेल. पहिल्यात ऑक्टोपस आहे, दुसऱ्यात कपारीतनं तोंड काढलेली वाम. तिसरा फोटो माझ्या त्या पहिल्या क्लिपमधला आहे, माझे बूट आणि त्याखालचं पोवळं. कडेचे खळगे नीट दिसतील असा मोठा करून दिलाय, छापताना तेवढा भाग कापू नका ही विनंती.

आपला नियमित वाचक,
एक लग्नाचा फोटोग्राफर,
अशोक चौक परिसर, सोलापूर